सॅकचं वजन लिहिलंत, घरचं राहून गेलं

पत्र थोडक्यात असं : मी ४६ वर्षांची, ठाण्यात राहते. सरकारी बँकेत २३ वर्षं नोकरी, सध्या शाखा वाशीला. घरी नवरा, पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला मुलगा आणि ७९ वर्षांच्या सासूबाई. बारा वर्षांत साठेक किल्ले आणि बऱ्याच घाटवाटा झाल्या. तीन वर्षांपूर्वी अंदमानला डायव्हिंगचा ओपन वॉटर हा पहिल्या पातळीचा कोर्स केला आणि तेव्हापासून मन ऑफिसात नाही. येत्या मार्चअखेर राजीनामा द्यायचा, नोव्हेंबरात पायी नर्मदा परिक्रमा, मग अंदमानला राहून डाइव्हमास्टरचा व्यावसायिक कोर्स आणि पन्नाशीच्या आत न्यूझीलंडची ‘ते अरारोआ’ ही लांब पायवाट, असं ठरवलंय. सॅक साडेआठ किलोत बसवली आहे, पैशांचा हिशेबही झाला आहे. पण घरचे म्हणतील, वेड लागलं. सासूबाईंना कोण बघणार? पाण्याखाली मला कुणी हाक मारत नाही, तेवढा वेळ मी माझी असते. आता खरं आयुष्य जगायचंय. मी स्वार्थी आहे का? राजीनामा देऊ का?
– एक भटकी, ठाणे

प्रिय भटकी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा थोड्या हेव्याने, कारण मीही ठाण्याचीच, वयाने तुमच्यापेक्षा बारा वर्षं पुढे, आणि माझा उजवा गुडघा हल्ली माहुली उतरताना स्वतःचं मत मांडतो. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन वाचलं. चार पानांत स्लीपिंग बॅगचं वजन आहे, टूथब्रशचा दांडा कापून अर्धा केल्याची नोंद आहे, परिक्रमेत रोज किती किलोमीटर याचं कोष्टक आहे. ‘राजीनामा’ हा शब्द सात वेळा आलाय. ‘घरचे म्हणतील’ चार वेळा. ‘घरचे म्हणाले’ एकदाही नाही.

म्हणजे तुम्ही अजून कुणाला विचारलेलंच नाही, हो ना? नवरा नाही म्हणेल हे तुम्ही धरून चाललात, सासूबाई डोळ्यांना पदर लावतील हेही, आणि नणंद काय बोलेल ते तर तुम्ही तिच्याच आवाजात लिहिलंय. सगळी भांडणं मनातल्या मनात होऊन निकालसुद्धा लागला. मला येते ती शंका अशी, की राजीनामा हा तुमच्या प्रवासाच्या तयारीचा भाग कमी आणि ते बोलणं टाळायची युक्ती जास्त आहे. एकदा कागद दिला की चर्चेला काही उरत नाही. सिंहगडावर सूर्याजीने परतीचे दोर कापले, पण ती लढाई होती. आपण ट्रेकवाले शेवटचा माणूस खाली येईपर्यंत दोर सोडत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार. तुमच्या घरातली तीन माणसं अजून वरच आहेत, आणि उतरायचंय हे त्यांना कुणी सांगितलेलंही नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही एमा गेटवुडचं उदाहरण दिलंत. अमेरिकेतल्या ॲपलेशियन ट्रेलची ती आजी, जी मुलांना ‘जरा चालून येते’ एवढंच सांगून निघाली आणि १९५५ मध्ये, वयाच्या ६७व्या वर्षी, तीन हजारांहून जास्त किलोमीटर एकटीने चालून आली. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही, घरी शिवलेली एक झोळी. गोष्ट खरी आहे आणि माझीही आवडती आहे. पण लोक ती अर्धीच सांगतात. तिची अकरा मुलं तोवर मोठी होऊन आपापल्या संसाराला लागली होती, आणि मारझोड करणाऱ्या नवऱ्यापासून तिने बऱ्याच वर्षांपूर्वी काडीमोड घेतला होता. शिवाय आदल्याच वर्षी, १९५४ मध्ये, ती निघाली होती, वाट चुकली होती, चष्मा फुटला होता आणि मुकाट घरी परत आली होती. विचारावं असं तिच्या घरात कुणी उरलं नव्हतं. तुमच्याकडे आहे. चार पानांत नवऱ्याविरुद्ध एक ओळ नाही. उलट अंदमानच्या कोर्सचे पैसे त्यांनी तुमच्या वाढदिवसाला दिले, असं तुम्हीच लिहिलंय. अशा माणसाला सगळं ठरल्यावर कळवायचं?

आता नोकरीचं बोलू. बँकेत २३ वर्षं काढलेल्या बाईने ‘राजीनामा’ हा शब्द इतक्या सहज वापरावा याचं मला नवल वाटलं. तुम्ही २०१०च्या बऱ्याच आधी लागलात, म्हणजे जुन्या पेन्शन योजनेत असण्याची शक्यता मोठी. सरकारी बँकांच्या १९९५च्या पेन्शन विनियमांप्रमाणे राजीनामा दिला की मागची सगळी सेवा पेन्शनच्या हिशेबातून बाद होते. तेच २० वर्षं पात्र सेवा झालेल्या माणसाने तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेतली, तर पेन्शन मिळते. अर्जावरचा एक शब्द बदलला की उरलेल्या जन्माचं गणित बदलतं. तुम्हाला नेमकं काय लागू आहे ते एचआरकडून लेखी घ्या. चहाच्या टेबलावर सांगितलेलं धरू नका, मग ते सांगणारा कितीही जुना असो.

त्याच पत्रात सबॅटिकलचंही विचारून टाका. अनेक सरकारी बँकांत महिला कर्मचाऱ्यांसाठी लांबच्या बिनपगारी रजेची सोय आहे. कोणत्या कारणासाठी मिळते, तो काळ पेन्शनला धरतात का, त्या काळात मेडिक्लेम चालू राहतो का, हे परिपत्रकात वाचा, मॅनेजरच्या चेहऱ्यावर नको. तुमच्या हिशेबात मला एवढंच भोक दिसलं. परिक्रमेचा खर्च तुम्ही बरोबर धरलाय, कारण ती स्वस्तच असते. आश्रम, सदावर्त, शाळेचा व्हरांडा. पण नोकरी सुटल्यावरच्या आरोग्यविम्याची ओळच नाही, आणि डायव्हिंगचा आकडा फार आशेने लिहिलेला वाटतो.

तरी हे सगळं कागदाचं झालं. मला जास्त अडलं ते ‘खरं आयुष्य’ या दोन शब्दांपाशी. कसाऱ्याच्या पहाटेच्या लोकलमध्ये सॅकवर बसून पेंगत काढलेले बारा वर्षांचे रविवार मग कसले होते? रतनगडाच्या नेढ्यात, त्या कातळातल्या आरपार भोकात, वारा खात बसलेली बाई कोण होती? तुम्ही ते आयुष्य कधीपासूनच जगताय, फक्त ते रविवारच्या मापाचं आहे. आणि माझी खरी काळजी त्या मापाचीच आहे. रविवारच्या ट्रेकला शेवट असतो. संध्याकाळी आसनगावला भजी असते, सोमवारी वाशी लोकलमध्ये मैत्रिणींना सांगायला गोष्ट असते. लांब चालणं म्हणजे असे दीडशे रविवार ओळीने, असं समजून लोक निघतात आणि तिथे फसतात.

माझंच सांगते. चाळिशीच्या आत मी एका मैत्रिणीबरोबर अलिबागहून किनाऱ्याकिनाऱ्याने चालत निघाले. गणपतीपुळ्याला पोचायचं होतं. पहिले चार दिवस मला कविता सुचत होत्या. नवव्या दिवशी, केळशीच्या पुढे, अकराच्या उन्हात, डांबर चटके देतंय, डाव्या टाचेला फोड, आणि मैत्रीण मुरुडपासून जे एक गाणं गुणगुणत होती तेच अजून गुणगुणतेय. शेवटची ओळ तिला येत नव्हती, त्यामुळे ते संपतही नव्हतं. मी एका एसटीडी बूथवरून घरी फोन केला : मी येतेय. आमचे हे म्हणाले, “ये की. पण आज नको, आज आम्ही दोघं बाहेर जेवायला निघालोय, घरात काही नाहीये.” त्या ‘आज नको’वर मी आणखी दोन दिवस चालले, दाभोळची खाडी ओलांडली आणि गुहागरला एसटीत बसले. गणपतीपुळं राहिलं ते राहिलंच. पाय दुखत होते, पण पायांमुळे मी सोडलं नाही. मला कंटाळा आला होता, आणि कंटाळ्याची तयारी मी केलेली नव्हती. ॲपलेशियन ट्रेलवर पूर्ण चालायच्या इराद्याने निघणाऱ्यांतला साधारण चौघांतला एकच शेवटाला पोचतो. पाय, पैसा, घरची ओढ ही कारणं असतातच. माझ्या मते त्यांत गाण्याची न येणारी शेवटची ओळही असावी.

म्हणून माझं सांगणं असं. राजीनाम्याआधी, स्वेच्छानिवृत्तीआधी, कुठल्याही कागदाआधी, पंधरा दिवसांची रजा टाका. साठलेली असणारच. डिसेंबर-जानेवारीत हाच किनारा घ्या. अलिबाग, रेवदंडा, मुरुड. आगरदांड्याहून दिघीला फेरीबोट, मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याहून वेसवी, पुढे केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ. तिथून धोपावे, गुहागर, हेदवी. तवसाळहून जयगड आणि गणपतीपुळं. दिवसाला अठरा-वीस किलोमीटर. ग्रुप नको, लीडर नको, रोजचे फोटो टाकणं नको. साडेआठ किलो पाठीवर आणि पुढे रस्ता, ज्यातला निम्मा काही फार सुंदर वगैरे नाही. नवव्या-दहाव्या दिवशी तुम्हाला स्वतःविषयी जे कळेल ते मी इथे बसून सांगू शकत नाही. ठाण्यातल्या घरालाही त्याच पंधरा दिवसांत काहीतरी कळेल, त्यावर पुढे येते.

तयारीचं तुम्हाला फार सांगायला नको, दोनच गोष्टी. तुम्ही आठवड्यातून एकदा दमता आणि सहा दिवस विसावता; लांबच्या चालीला शरीर उलटं लागतं, थोडं दमायचं पण रोज. तेव्हा शनिवार-रविवार दोन्ही दिवस भरल्या सॅकने येऊरचा चढ करा आणि सोमवारी बँकेत जायच्या आधी आणखी तासभर चाला. सोमवारचा तो तास खरा. दुसरं, रोज चालून पाय सुजतात, म्हणून बूट अर्धा नंबर मोठा घ्यावा लागतो. आणि सेहेचाळिशीत बाईने हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व आणि गुडघे तपासून घेतल्याशिवाय महिनोन् महिने चालायला निघू नये. हे मी डॉक्टर म्हणून सांगत नाही, अनुभवाने सांगते.

परिक्रमेच्या कोष्टकाबद्दल मात्र हसू आलं, रागावू नका. नर्मदा १३१२ किलोमीटरची, दोन्ही तीर मिळून अडीच हजारांच्या पुढे. रोजचे वीस धरले तरी एकशे तीस दिवस नुसते चालण्याचे. तुमच्या तक्त्यात नोव्हेंबर ते एप्रिल बसतं खरं, पण त्यात तापाचा दिवस नाही, कपडे वाळत घालायचा दिवस नाही. नदी उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही, एवढा नियम तुम्ही लिहिलाय. पण सरदार सरोवराच्या पाण्याखाली शूलपाणीच्या जंगलातली जुनी वाट गेली आहे, तिथे वळसे पडतात. मुखापाशी विमलेश्वरहून मिठीतलाईला होडीने जायचं असतं, ती भरतीच्या वेळेने सुटते, तुमच्या वेळेने नाही. शिवाय परिक्रमेत तुम्ही पाहुण्या असता. गावातली बाई ‘नर्मदे हर’ म्हणून चहाला बसवते तेव्हा घड्याळ बघून ‘आज अजून सहा किलोमीटर राहिलेत’ म्हणता येत नाही. ते अरारोआवर, तीन हजार किलोमीटरांत, असा तक्ता उपयोगी पडेल. इथे तो घरी ठेवा.

डायव्हिंगचं स्वप्न मला वेगळं काढायचंय, कारण तुम्ही दोन्ही एकाच सॅकमध्ये भरलीत. चालणं स्वस्त, एकट्याने करता येणारं, रोजचं. डायव्हिंग महाग, हंगामी, आणि त्यात एकटं जायचंच नसतं. पाण्यात जोडीदार हवाच. सध्या तुमच्या लॉगबुकात नऊ डाइव्ह आहेत आणि ओपन वॉटरला १८ मीटरची मर्यादा. पाडी (PADI) या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या पद्धतीत डाइव्हमास्टरच्या आधी ॲडव्हान्स्ड आणि रेस्क्यू हे टप्पे आहेत, कोर्स सुरू करायलाच ४० डाइव्ह लागतात आणि संपताना ६०. चारशे मीटर न थांबता पोहायचं, पंधरा मिनिटं जागच्या जागी तरंगायचं, दमलेल्या डायव्हरला शंभर मीटर ओढून न्यायचं. याचा सराव ठाण्यातल्या तरणतलावातही होतो, अंदमान लागत नाही. मेडिकल फॉर्मवर ‘वय ४५च्या वर आहे का’ हा प्रश्न असतो आणि या पातळीला डॉक्टरची सही अनिवार्य आहे, तीही बारा महिन्यांच्या आतली.

आणि कामाचं स्वरूप बघून घ्या. डाइव्हमास्टर म्हणजे मुख्यतः हमाली आणि राखणदारी. रिकामं सिलिंडरसुद्धा चौदा-पंधरा किलोचं, ती बोटीवर चढवायची, उतरवायची, भरायची. पाण्यात जाताना माणसं मोजायची, वर आल्यावर पुन्हा मोजायची. बोट लागून ओकणाऱ्या पर्यटकाची पाठ चोळायची. कासव दिसतं, पण तुमचं लक्ष कासवाकडे नसतं. हे तुम्हाला आवडेलही. बँकेच्या काउंटरवर तुम्ही २३ वर्षं माणसंच सांभाळलीत. पण ज्यासाठी पाण्यात जायचंय ते हेच का, हे एकदा ताडून बघा. त्यासाठी हिवाळ्यातले दोन लांब वीकएंड मालवण-तारकर्लीला काढा. तिथे एमटीडीसीचं प्रशिक्षण केंद्र आहे. पर्यटकांना सिलिंडरला धरून फिरवून आणतात ते नको, पुढचा कोर्स कुठे आणि कधी होतो याची चौकशी करा, आणि एक दिवस नुसतं बोटीवर बसून काम करणाऱ्यांकडे बघा.

इथे सगळ्याच वाचकांसाठी एक गोष्ट, कारण ठाण्या-मुंबईची मंडळी ही चूक सर्रास करतात. अनेक डाइव्ह केल्यावर निदान १८ तास विमानात बसू नये, हे अंदमानला सांगतात. घाटाचं कुणी सांगत नाही. खोल पाण्यात दाबाखाली शरीरात नायट्रोजन विरघळलेला असतो. दाब हळूहळू कमी झाला तर तो श्वासातून निघून जातो, एकदम कमी झाला तर त्याचे बुडबुडे होतात. उंचीवर हवेचा दाब कमी, मग ती उंची विमानाची असो की डोंगराची. रविवारी सकाळी मालवणला पाण्यात उतरून दुपारी गाडीने आंबोली घाट चढायचा, म्हणजे सुमारे सातशे मीटर वर, हे करू नये. एक रात्र खालीच राहा. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये डायव्हिंग धरलंय का, किती खोलीपर्यंत, आणि बुडबुडे झालेल्या माणसाला पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करतात ते रीकम्प्रेशन चेंबर जवळात जवळ कुठे आहे, हे तीन प्रश्न पैसे भरायच्या आधी विचारायचे.

तुमच्या पत्रातल्या एकाच वाक्याखाली मी रेघ मारली : ‘पाण्याखाली मला कुणी हाक मारत नाही.’ ते वाचून मी थोडा वेळ बसून राहिले. सकाळी साडेसहापासून ‘आई’, ‘अगं’, ‘सूनबाई’, ‘मॅडम, माझं पासबुक’, रात्री पुन्हा ‘अगं’. चाळीस मिनिटं कानात फक्त स्वतःचा श्वास. ही भूक फार खरी आहे. पण ती तीन हजार किलोमीटरांची आहे की रोजच्या दोन तासांची, हे तुम्हाला आत्ता ठाऊक असेल असं मला वाटत नाही. उपाशी माणसाला ताटातलं सगळंच हवं असतं. पुढचे तीन महिने रोज रात्री आठ ते दहा फोन बंद करून दार लावून बसून बघा, किंवा तलावपाळीला एकटीने चकरा मारा. दोन तास मिळाल्यावरही नकाशा उघडावासा वाटला, तर ती ओढ डोंगराची. झोपावंसं वाटलं, तर गोष्ट वेगळी आहे, आणि तिलाही उपाय आहेत.

आता सासूबाई. ‘त्यांना कोण बघणार?’ असं तुम्ही विचारता. सध्या कोण बघतं? तुम्ही वाशीला असता, नऊ ते सहा मावशी येतात. म्हणजे दिवस भागतो. तुमच्याकडे आहेत ते मधले सांधे, आणि ते कुणाला दिसत नाहीत, बहुधा तुम्हालाही. एक वही घ्या आणि आठवडाभर लिहा. रात्री दोनदा उठवून बाथरूमला नेणं. रक्तदाबाची गोळी संपायच्या आधी आणणं. चष्म्याचा स्क्रू. गॅसचा नंबर, मुलाच्या मेसचे पैसे, सोसायटीचं बिल, मावशी आली नाही तर दुसरी कोण. आणि नोव्हेंबरात सासऱ्यांच्या फॅमिली पेन्शनसाठी सासूबाईंचा हयातीचा दाखला. बघा, तुम्ही बँकेत रोज दुसऱ्यांच्या आयांचे दाखले घेता, आणि निघायचा महिना नेमका नोव्हेंबर धरलात! प्रत्येक ओळीपुढे एक नाव पडलं पाहिजे. नवऱ्याचं, नणंदेचं, पगारी माणसाचं. ज्या ओळीपुढे नाव पडत नाही, बोलणं त्या ओळीचं. ‘मी जाऊ का’ असं विचारलंत तर उत्तर हो किंवा नाही एवढंच येईल. वही पुढे ठेवलीत तर माणूस निदान खाली बघून वाचायला लागतो. आणि पंधरा दिवसांची किनाऱ्याची रजा ही त्या वहीचीही परीक्षा. मधूनच फोन करून गोळीची आठवण करायची नाही, हे तुमच्या बाजूचं पथ्य. अवघड जाईल.

सासूबाईंना मात्र आधी सांगा, नवऱ्याच्याही आधी. पत्रात तुम्ही त्यांचा नर्मदेचा गोटा करून ठेवलाय. मराठी घरातल्या एकोणऐंशी वर्षांच्या बाईला परिक्रमा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. रडतील, हो. पण देवघरासाठी खराखुरा गोटा आण, असंही म्हणतील कदाचित. ते अरारोआचा विषय त्या दिवशी काढू नका.

स्वार्थी आहात का? अठरा वर्षं हे सदर लिहितेय. दर आठवड्याला डोंगरात जाणारे पुरुष तुमच्या ग्रुपमध्ये असतील, माझ्याही होते. त्यांतल्या एकानेही मला कधी हा प्रश्न विचारणारं पत्र धाडलेलं नाही. मी या प्रश्नाचं उत्तर देणार नाही, कारण वहीत सगळ्या ओळींपुढे नावं पडली तर तो प्रश्न उरत नाही, आणि पडली नाहीत तर माझ्या उत्तराने ती पडणार नाहीत. हेच मी त्या पन्नाशीच्या गृहस्थांनाही सांगेन, ज्यांनी गेल्या महिन्यात ‘बायकोचा पाठिंबा आहे’ असं एका ओळीत लिहून पुढची तीन पानं लडाखवर खर्च केली. पाठिंबा म्हणजे काय काय करणार आहे ती, तेही एकदा लिहून बघा.

ऐरोलीच्या आयटीतली अठ्ठावीस-तिशीतली मुलंमुली ‘नोकरी सोडून फिरत फिरत कमवायचं’ असं लिहितात, त्यांना थोडक्यात : फिरण्याचे व्हिडिओ बनवणं ही नोकरीच आहे, तिला रविवार नसतो. सूर्योदयाला कॅमेरा लावून बसायचं असतं. जमत असेल तर जरूर.

तेव्हा, भटकी, माझं मत स्पष्ट सांगते. मार्चअखेरचा राजीनामा नको. ‘साठीनंतर बघू’ हेही नको, ते माझ्या गुडघ्याला विचारा. या रविवारी ट्रेक सोडा आणि घरी बोला. एचआरला पत्र टाका. डिसेंबरात किनारा. त्यातून परतल्यावर ओढ तशीच असेल तर स्वेच्छानिवृत्ती किंवा लांब रजा, जे कागदावर बसेल ते, आणि परिक्रमा तुम्ही धरलेल्या नोव्हेंबराच्या पुढच्या नोव्हेंबरात, हयातीचा दाखला देऊन झाल्यावर. वर्षभर लांबेल. डायव्हिंग त्या वर्षात मालवणला चालू ठेवता येईल. न्यूझीलंड कुठे जात नाही. मधेच किनाऱ्यावरून एसटीत बसलात तरी कळवा. गुहागर स्टँडवरून मुंबईकडच्या गाड्या मिळतात, मला पाठ आहे.

तुमची,
ठाण्यातलीच एक

ता. क. टूथब्रशचा दांडा कापलात ते ठीक. पण सामानाच्या यादीत चष्म्याची दुसरी जोडी दिसली नाही. गेटवुडबाईंचं पहिल्या वर्षी काय झालं ते वर लिहिलंच आहे.